थरथरता हात आणि पितळी कठडा

विणकाम, घड्याळदुरुस्ती, वाती वळणे, सुईत दोरा ओवणे अशी बारीक कामे उतारवयात करू द्यावीत की बंद करावीत, हा प्रश्न घरची मंडळी दवाखान्यात वारंवार विचारतात. त्यामागे बहुधा काळजी असते. क्वचित घरातील पसाऱ्याचा वैतागही असतो. गेल्या वर्षी हाच प्रश्न एका अनपेक्षित वस्तूच्या निमित्ताने माझ्यापुढे आला. ती वस्तू होती युद्धनौकेची प्रतिकृती.

रुग्ण मूळचे पारनेर तालुक्यातील, वय ७४, निवृत्त नौसैनिक. घरात सारे त्यांना नाना म्हणतात. मधुमेह जुना, दोन्ही हातांना थोडा कंप, आणि दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून बोलणे कमी झालेले. नातीने त्यांना वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून दिला, आणि सोबत पितळी पत्र्याचे एक लहानसे पाकीट. महिनाभराने सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, आता तुम्हीच समजवा त्यांना. हात असा थरथरतो, आणि दिवसभर त्या ब्लेडशी खेळत बसतात.”

आपल्या अहिल्यानगरला रणगाडा नवा नाही. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे आणि रणगाड्यांचे संग्रहालय पाहिले नाही असे शाळकरी मूल शहरात विरळाच. समुद्र मात्र येथून दूर. तरीही नानांनी रणगाडा न निवडता नौका निवडली, याला कारण होते. संचाच्या खोक्यावर नाव होते ‘एजॅक्स’चे. ही लिएंडर वर्गातील ब्रिटिश क्रूझर. तिचीच भगिनी-नौका ‘अकिलिस’. दोघींनी १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी झुंज दिली होती. पुढे १९४८ साली ‘अकिलिस’ भारताने घेतली आणि ती ‘दिल्ली’ झाली. त्या झुंजीवर १९५६ साली इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हा ‘अकिलिस’चे काम आपल्या ‘दिल्ली’नेच केले! डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांविरुद्धच्या कारवाईत ती दीवसमोर उभी होती, आणि १९७८ साली सेवेतून निवृत्त झाली. नानांनी तिच्या इंजिनघरात विशीतली काही वर्षे काढलेली. खोक्यावरचे चित्र पाहून त्यांनी धुराड्याकडे बोट दाखवले आणि नातीला म्हणाले, “याच्या खाली मी होतो.”

आता त्या पितळी पाकिटाविषयी, कारण खरी कसोटी तेथेच आहे. प्लॅस्टिक साच्यात ओतून केलेला कठडा फार जाड दिसतो. म्हणून कठडे, शिड्या, याऱ्या, जाळ्या असे नाजूक भाग पितळेच्या पातळ पत्र्यातून वेगळे करून मिळतात. पत्र्यावर प्रकाशाने कठीण होणारा लेप देतात, फिल्ममधून त्यावर प्रकाश टाकून आकृती उमटवतात आणि उघडा राहिलेला भाग रसायनाने खाऊ देतात. छायाचित्रणाशी असलेल्या या नात्यामुळे त्यांना ‘फोटो-एच’ भाग म्हणतात. पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतका पातळ. नानांच्या संचाचे प्रमाण १:६००. म्हणजे सुमारे १६९ मीटर लांबीची नौका २८ सेंटिमीटरांची, आणि मीटरभर उंचीचा कठडा पावणेदोन मिलिमीटरांहून कमी! हा कठडा चौकटीतून पात्याने कापायचा, डेकच्या कडेप्रमाणे वळवायचा आणि गोंदाच्या टिपक्यावर उभा करायचा.

यात पहिली परीक्षा डोळ्यांची. साठीनंतर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि दृष्टिपटलापर्यंत तरुणपणाच्या मानाने बराच कमी प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर चकचकीत पितळ उलट डोळ्यांवर तिरीप मारते. म्हणून दिवा अधिक प्रखर हवा, पण तो समोरून नव्हे. बाजूने, खाली वळवलेला. टेबलावर पांढरा कागद न घालता गडद, चकाकी नसलेले कापड किंवा रबरी चटई घालावी. पितळ तीवर लगेच दिसते. वाचनाचा चष्मा साधारण फूटभर अंतरासाठी असतो. हे काम त्याहून जवळून करावे लागते. त्यासाठी डोक्याला पट्ट्याने बसणारे दुहेरी भिंग उत्तम. घड्याळजीचे भिंग एकाच डोळ्याला लागते आणि लवकर थकवते.

नानांपाशी मात्र घड्याळजीचेच भिंग होते आणि ते उजव्या डोळ्याला लावून ते काम करीत. डाव्या बाजूचा कठडा त्यांनी चार वेळा लावला आणि चार वेळा उपटला. त्यांच्या मते तो मध्यभागी लाटेसारखा वाकत होता. नात म्हणे, तो सरळ आहे. सूनबाईंना हा म्हातारपणाचा हट्ट वाटला. मुलाला विसराळूपणाची सुरुवात. मला हे सारे कंपाच्या तक्रारीच्या ओघात, जाता जाता सांगितले गेले.

सरळ रेघ वाकडी दिसणे ही तक्रार कधीही जाता जाता ऐकण्यासारखी नसते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची जागा आहे; वाचणे, चेहरा ओळखणे, दोरा ओवणे ही कामे तिच्यावर चालतात. तेथे सूज आली किंवा खाली द्रव साचला की दृष्टिपटल उचलले जाते आणि सरळ रेघ नागमोडी दिसते. वयोमानाने होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, मधुमेहाने येणारी सूज, दृष्टिपटलावर धरलेला पातळ पापुद्रा, अशी कारणे असतात. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. म्हणून महिनोन्महिने पत्ता लागत नाही. नानांच्या एकडोळी भिंगाने नेमका आजारी डोळाच एकटा पाडला होता.

दवाखान्यात मी शाळेचा आलेखकागद घेतला, मध्ये ठिपका दिला आणि एकेक डोळा झाकून त्यांना ठिपक्याकडे पाहायला सांगितले. डाव्या डोळ्याने चौकटी नीट दिसल्या. उजव्याने ठिपक्याच्या बाजूला रेघा पोटाळलेल्या आणि एक चौकट पुसट. त्याच आठवड्यात दृष्टिपटलतज्ज्ञांकडे पाठवले. ओसीटी तपासणीत पीतबिंदूखाली द्रव निघाला. वयोमानाच्या ऱ्हासाचा, नव्या कमकुवत रक्तवाहिन्या फुटणारा प्रकार होता. यावर डोळ्यात बारीक सुईने औषध देतात. सुरुवातीस साधारणतः महिन्याच्या अंतराने. ऐकून धडकी भरते, पण बधिर करणारे थेंब घातल्यावर रुग्णांना वाटते त्याहून ते पुष्कळ सुसह्य असते. गेलेली नजर सारी परत येईलच असे नाही. पुढची हानी रोखणे हा मुख्य लाभ, आणि तो वेळेवर अवलंबून. आठवड्यांचा उशीर येथे महाग पडतो. नानांच्या रेघा बऱ्याच सरळ झाल्या, पूर्ण नाही. ते आता दुहेरी भिंग वापरतात आणि कठड्याखाली पोलादी पट्टी धरून सरळपणा तपासतात.

ही तपासणी घरी कोणालाही करता येते. वाचनाचा चष्मा लावून, हातभर अंतराहून थोडे जवळ आलेखकागद धरून, आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून पाहावे. खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा याच कामी येतात. वाकडेपणा, पुसटपणा किंवा मधोमध काळा डाग दिसला तर चष्म्याचा नंबर बदलण्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

दुसरी परीक्षा हातांची. कंप म्हटले की घरच्यांच्या मनात पार्किन्सन येतो. त्या आजाराचा कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो, हात मांडीवर निवांत असताना अधिक दिसतो, सोबत हालचाल मंदावते आणि अक्षर बारीक होत जाते. नानांचा कंप उलट होता: निवांत असता नाही, चिमटा उचलला की सुरू, दोन्ही हातांना, वडिलांनाही होता. याला आनुवंशिक स्वरूपाचा कंप म्हणता येईल. तो त्रासदायक असतो, घातक नसतो. थायरॉइडचा अतिरेक, साखर उतरणे, दम्याचे काही पंप, कडक चहा-कॉफी आणि अपुरी झोप यांनी तो वाढतो; औषध सुरू करण्याआधी हे पाहावे. कंपावर गोळ्या आहेत, पण त्यांतील नेहमीची एक दम्याच्या रुग्णाला चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून त्या घेऊ नयेत. “थोडी घेतली की हात स्थिर होतो,” असे माजी सैनिक मला हळूच सांगतात. ते खरे असते. पण त्याला औषध म्हणून मी मान्यता देत नाही.

बैठकीने निम्मे काम होते. टेबल कोपराच्या उंचीचे, दोन्ही पुढचे हात मनगटापर्यंत टेबलावर टेकलेले, करंगळ्या एकमेकींना लागलेल्या. अशा वेळी कंप बोटांच्या टोकापर्यंत फारसा पोहोचत नाही. काम सकाळी, न्याहारीनंतर करावे. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे आणि मान सैल करावी.

धोक्यांचे म्हणाल तर ब्लेडपेक्षा मला जमिनीवर पडलेल्या कपच्यांची भीती अधिक. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना जाते. टाचेत घुसलेली पितळी कडा दोन-दोन दिवस कळत नाही आणि जखम चिघळते. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही. खोली अंधारी करून जमिनीलगत विजेरी धरली की कपची चमकते. ती कणकेच्या गोळ्याने किंवा चिकटपट्टीने टिपावी. कामाच्या खोलीत चप्पल सोडू नये आणि रात्री तळपाय पाहावेत. कापताना तुकडा उडतो, म्हणून कापायच्या भागावर बोट किंवा पारदर्शक चिकटपट्टी ठेवावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर छोट्या चिरेवरही दहा मिनिटे न उघडता दाब द्यावा. धनुर्वाताची लस केव्हा घेतली हे आठवत नसेल, तर ते विचारायला या.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ दमेकऱ्यांना त्रास देते. खिडकी उघडी हवी. हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर इतका तापतो की चटका बसतो, म्हणून पुसायला धोतराचे टोक घेऊ नये. बोटे चिकटली तर कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. पापण्या चिकटल्यास ओढून उघडू नयेत; कोमट पाण्याची ओली घडी ठेवून नेत्रतज्ज्ञ गाठावा. कठड्यासाठी पांढरा लाकडी गोंदही चालतो. तो सावकाश धरतो, आणि थरथरत्या हाताला ती सवलतच आहे. फवारणीचे रंग टाळून पाण्यात मिसळणारे रंग कुंचल्याने द्यावेत.

छंदाने मन किती सुधारते, याविषयी सावध राहिलेले बरे. १६ देशांतील ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार व्यक्तींच्या माहितीचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. छंद असणाऱ्यांत खिन्नतेची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. त्या देशांत भारत नव्हता; शिवाय ज्यांची प्रकृती बरी तेच छंद करू शकतात, हेही खरे. मला एवढेच दिसले की नाना जेवणाच्या ताटावर पुन्हा बोलू लागले. बोलणे बॉयलरचे असले तरी.

सूनबाईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. काम बंद करू नका, आणि ते झोपले असताना त्यांच्या वतीने पुरे करून ठेवू नका. वाकडा लागलेला कठडा त्यांचा असतो. खोके उघडून देणे, बारीक अक्षरातील सूचना मोठ्या करून छापणे, पडलेला तुकडा शोधणे, ही मदत चालते. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असेल तर मात्र पाते आणि गोंद सोबतीशिवाय हाती देऊ नये. त्यांना रंगकाम द्यावे. घरात रांगते मूल असेल तर सारे साहित्य कुलपात.

आणि कोणी वाचक पहिल्यांदाच हे करू पाहत असेल तर १:७०० ऐवजी १:३५० प्रमाणाची छोटी नौका घ्यावी. कठडा जवळजवळ तीन मिलिमीटरांचा होतो. पाकिटातील सगळेच भाग लावायचे नसतात. नानांनी कठडे आणि दोन शिड्या बसवल्या. यारी प्लॅस्टिकचीच ठेवली, कारण पितळी यारीला सात घड्या होत्या. उरलेला पत्रा काडेपेटीत ठेवला आहे. चौकटीच्या रिकाम्या कडाही टाकू नयेत. घडी घालण्याचा सराव त्यांवरच करायचा असतो.