तांबडा रंग कोणाच्या विहिरीला?

किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या की, समुद्र जवळ आहे, निसर्गापुढे इलाज नाही, असे सांगून जबाबदारी झटकली जाते. हा युक्तिवाद लबाडीचा आहे. तो खोडून काढणारे गणित गोव्याच्याच भूमीवर मांडले गेले आहे.

गोवा विद्यापीठाचे चाचडी आणि लिस्बनचे लोबो-फरेरा यांनी २००१ साली ‘गाल्डिट’ ही निर्देशांक-पद्धती पुढे आणली. बार्देश तालुक्यात तिचा प्रयोग झाला. जलधराचा प्रकार, त्याची पाणी वाहू देण्याची क्षमता, समुद्रसपाटीवरील भूजलाची पातळी, किनाऱ्यापासूनचे अंतर, आधीच शिरलेले खारेपण आणि जलधराची जाडी या सहा गोष्टींना गुण द्यायचे. एकूण भार १५. त्यांपैकी ४ अंतराला, ४ पातळीला. अंतर कोणाच्याही हातात नाही. पातळी मात्र पंपाच्या हातात आहे! ती दोन मीटरच्या वरून एक मीटरच्या खाली आली, की एवढ्यानेच १० पैकी निर्देशांक दोन अंकांनी चढतो. ‘मध्यम’ धोक्याचे गाव ‘तीव्र’ धोक्यात जाण्यास तेवढे पुरू शकते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल, तर ते खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खाऱ्या पाण्याला थोपवून धरते, हा भूजलशास्त्राचा जुना नियम आहे. वरचा अर्धा मीटर उपसणारा खालचे वीस मीटर समुद्राच्या हवाली करतो.

मग हा निर्देशांक निर्दोष आहे काय? नाही. पाणी कोण उपसतो, हे तो विचारीत नाही. रहाटाची विहीर आणि हॉटेलची कूपनलिका, दोन्ही नकाशावर एकाच तांबड्या रंगात बुडतात. पाणी खारट झाल्यावर हॉटेलवाला टँकर मागवील. माडाच्या मुळाशी टँकर कोण ओतणार? शिवाय पातळी मोजायची केव्हा? पावसाने तुडुंब भरलेला सच्छिद्र जांभा उन्हाळ्यापर्यंत बरेचसे पाणी सोडून देतो. सप्टेंबरचा आकडा घेऊन काढलेला निर्देशांक म्हणजे सुगीत केलेली दुष्काळाची पाहणी.

कायद्याचीही तीच तऱ्हा. १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या पदरात टाकून बसला. १९९१ च्या किनारा-अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून हातानेच, तेही पिण्यासाठी, बागायती, शेती व मासेमारीसाठी, पाणी काढण्याची मुभा ठेवली होती. दोर-बादली आणि पंप यांतला भेद निदान तिथे तरी ओळखला गेला. २००२ चा गोवा भूजल नियमन कायदाही आहे. पण परवान्याच्या अर्जाशेजारी त्या वाड्याची मे महिन्यातली पातळी लिहिलेली नसेल, तर परवाना देणारा अधिकारी डोळे मिटूनच सही करणार.

म्हणून कार्यकर्त्यांनी आधी पातळीचा आकडा मागावा. मे महिन्यातले मोजमाप, विहीरवार, पंचायतीच्या फलकावर; त्याखाली पंपधारकांची नावे व उपशाचे प्रमाण. नवा परवाना त्यानंतर, ग्रामसभेसमोर.