सफारी: एक दौंडची, एक शिरूरची



या आठवड्यात टपालातली दोन पत्रं लागोपाठ उघडली आणि दोन्हींत एकच शब्द निघाला: सफारी. एक पत्र दौंड शहरातलं, दुसरं शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचं. दोन्ही ठेवून दिली, स्वयंपाक उरकला, पुन्हा वाचली. एकीला उत्तर द्यावं तर दुसरीचं पत्र समोर दिसे. म्हणून आज दोघींना एकदमच लिहिते.

दौंडच्या भगिनीचे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. मुलगा पुण्याला, सूनही नोकरी करणारी. दोघांनी ठरवलंय की आईबाबांना दक्षिण आफ्रिकेच्या सहलीला पाठवायचं. बारा दिवस, उंची हॉटेलं, सोबत मार्गदर्शक, उघड्या जीपमधून सिंह-हत्ती, शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. निम्मे पैसे मुलगा देतोय, निम्मे यांच्या ठेवीतून जायचे. यजमानांचं म्हणणं, “जनावरं बघायला एवढे पैसे? त्यापेक्षा कात्रजला जाऊन येऊ.” भगिनी विचारते, “मी हट्ट धरू का? आजवर कधी धरला नाही. आणि सासूबाईंचं काय करू?”

शिरूरच्या बाईंचं पत्र चार ओळींचं. “ताई, तुमच्या पानावर सहलीचं येतं ते मी वाचते. आमच्याकडे रोज संध्याकाळी सहानंतर सफारी असते. उसातून बिबट्या येतो. पोरीला शाळेतून आणायला मी काठी घेऊन जाते. ह्याच्यावर पण लिहा की काहीतरी.”

आधी दौंड. हट्ट धरा. चाळीस वर्षांत एकदा धरलेल्या हट्टाला हट्ट म्हणत नाहीत. पण धरण्यापूर्वी सहलीचं पत्रक नीट वाचा, कारण त्यातली ‘आलिशान’ ही एक गोष्ट मला खटकते.

क्रूगर नावाचं जे अभयारण्य तुम्हाला दाखवणार आहेत, ते सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठं. १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या पश्चिमेला खाजगी मालकीची जंगलं लागून आहेत आणि उंची, महागडे मुक्काम असतात ते बहुतेक तिथे. आता गंमत बघा. या खाजगी जंगलांतल्या बऱ्याच ठिकाणी क्रूगरच्या बाजूचं कुंपणच काढून टाकलेलं आहे. म्हणजे सिंह इकडचा तिकडे जातो. महाग मुक्कामातल्या पाहुण्याला दिसतो तोच सिंह सरकारी मुक्कामातल्या पाहुण्यालाही दिसू शकतो! फरक इतकाच की खाजगी जंगलात जीप रस्ता सोडून झुडपात नेता येते, पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत माग काढणारा माणूस बसतो, जेवण पंचतारांकित असतं. क्रूगरच्या सरकारी मुक्कामांत गोल झोपड्यांसारख्या खोल्या असतात, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकाची सोयही असते, आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या फेऱ्या उद्यानाचे मार्गदर्शकच घडवून आणतात. तिथे गाडीने रस्ता सोडायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही. मुलाला सांगा, सहा दिवस उंची मुक्काम नको. दोन दिवस हौस म्हणून घ्या, बाकीचे सरकारी मुक्कामात. तुमच्या ठेवीला तेवढा कमी हात लागेल.

यजमानांना जनावरांचं वेड नसेल तर त्यांच्याशी जनावरांबद्दल बोलूच नका. रेल्वेतल्या माणसाला रेल्वे दाखवावी. व्हिक्टोरिया धबधब्याच्या अगदी पुढ्यात, झांबेझी नदीच्या घळीवर, १९०५ साली बांधलेला लोखंडी पूल आहे. केप टाउनपासून कैरोपर्यंत रूळ टाकायचं स्वप्न इंग्रजांनी पाहिलं होतं, त्यातला हा पूल. पाण्यापासून सव्वाशे मीटरहून उंच. एका टोकाला झिंबाब्वे, दुसऱ्या टोकाला झांबिया, आणि धबधब्याचे तुषार उडून पुलापर्यंत येतात. शिवाय दक्षिण आफ्रिकेतच पीटरमारित्सबर्ग नावाचं स्टेशन आहे. १८९३ सालच्या ७ जूनच्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलं ते तिथे. नेहमीच्या सहलीत हे स्टेशन नसतं, पण आधी विचारलं तर काही कंपन्या घालून देतात. दौंडसारख्या जंक्शनवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला ते बघावंसं वाटलं नाही तर मला कळवा.

आता घरगुती गोष्टी. तिथले ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिथे हिवाळा, आणि प्राणी दिसायला तोच काळ चांगला. गवत वाळून खाली बसतं, पाणी कमी होतं, सगळी जनावरं पाणवठ्यावर येतात. धबधबा मात्र एप्रिल-मेमध्ये भरात असतो, इतका की तुषारांच्या धुक्यात समोरचं दिसत नाही. दोन्ही साधायचं तर मेअखेर किंवा जून बरा. पण जीप उघडी असते आणि निघायचं असतं सूर्य उगवायच्या आधी, तेव्हा आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढा. स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आणि एक जुनी शाल जी मळली तरी जीव तुटणार नाही. साडीची हौस हॉटेलात पुरवा. जीपची पायरी उंच असते. गुडघे दुखत असतील तर पुढच्या रांगेतली जागा आधीच मागून घ्या. मागच्या रांगा चढत्या असतात आणि धक्केही मागेच जास्त बसतात. फेरी तीन-तीन तासांची, वाटेत सोय झुडपामागची. निघण्यापूर्वीचा चहा म्हणूनच अर्धाच घ्यावा. मधुमेह असेल तर दशमी आणि शेंगदाण्याचा लाडू पिशवीत असू द्या.

विमानाच्या वाटेबद्दल एक प्रश्न तिकीट काढण्यापूर्वीच विचारा. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जाणार असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागेल का? ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, विमानतळावर आठवून उपयोग नाही. क्रूगरच्या भागात हिवताप आहे, त्याच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. बोट्स्वानातला टप्पा छोट्या विमानाचा असेल तर कडक सुटकेस चालत नाही. मऊ पिशवी, तीही पंधरा-वीस किलोंची. पत्रकात ‘सर्व समाविष्ट’ लिहिलेलं असलं तरी व्हिसा, विमा, उद्यानाचं शुल्क आणि मार्गदर्शकाची बक्षिसी यांतलं नेमकं काय समाविष्ट, ते कागदावर लिहून घ्या. परदेशी सहलीच्या पैशावर टीसीएस नावाचा कर आधीच कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्यालाच विवरणपत्र भरून हिशेबात धरता येतो. तुमच्या नावावर कापला तर तुम्हीच विवरणपत्र भरायचं. मुलगा भरेल, बघू, असं म्हणू नका. तेवढ्या रकमेत एक पैठणी येते.

आणि एक सांगते. इतक्या लांब जायच्या आधी दोन पहाटा जवळ काढा. कारण सफारीत बघायची सवय लागते, ती तिथे जाऊन पहिल्या दिवशी येत नाही. (‘सफारी’ हा शब्दसुद्धा परका नाही. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास, आणि अरबीतल्या ज्या शब्दावरून तो आला त्यावरूनच आपली ‘सफर’ आली.) दौंडहून सोलापूरकडच्या गाडीने भिगवण काही लांब नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि त्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले. डिसेंबर ते मार्च या काळात कुंभारगाव किंवा डिकसळला पहाटे पोचा. मासेमारी करणारी मंडळीच होडीतून नेतात, आणि त्यांना एकेक पक्षी नावानिशी ठाऊक असतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही तिथे चरताना दिसतात. दुसरी पहाट माळरानाची. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत. ही हरणं इतकी काटक की पाला आणि दव यांवर कितीतरी दिवस काढतात. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला वन विभागाने माळरानाची सफारी अलीकडे सुरू केली आहे; आधी नाव नोंदवून जावं लागतं आणि गावातलीच मुलं बरोबर येतात. तिथला लांडगा म्हणजे आपला सिंहच समजा. पहिल्या तासात तुम्हाला नुसतं गवत दिसेल. दुसऱ्या तासात त्याच गवतात खोकडाचे कान दिसतील. ज्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो त्याच्याबद्दल यजमानांचं मत तिथेच बदलेल, असा माझा अंदाज आहे.

आता शिरूरच्या बाई.

बाई, तुमच्या पत्राने मला ओशाळं केलं. पुण्या-मुंबईची माणसं लाखो रुपये भरून जो बिबट्या बघायला जातात, तो तुमच्या मोरीमागे बसतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुमच्याच तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक आजी बिबट्याने नेली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वन विभागाच्या नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. शेतात निंदायला जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून बसल्या आहेत, ते फोटो मी पाहिले आहेत. कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसले पट्टे. मंगळसूत्राच्या वर खिळे. त्यानंतर कितीतरी दिवस मला ‘सफारी’ हा शब्द लिहवेना.

ऊस आला, पाणी आलं, बिबट्याला बारा महिने लपायला जागा मिळाली. माद्या उसातच वितात, पिल्लांना डोंगर ठाऊकच नसतो. तुम्ही काय करू शकता ते सांगते, पण यातलं निम्मं काम सरकारचं आहे हे विसरू नका आणि त्यांनाही विसरू देऊ नका. ग्रामसभेत बायकांनी उठून वस्तीवर दिवे आणि शेतीला दिवसा वीज मागावी. रात्री मोटर लावायला माणूस जातो तो हौसेने जात नाही.

बिबट्या बसलेल्या, वाकलेल्या माणसाला लहान जनावर समजू शकतो. म्हणून निंदताना, गवत कापताना एकटीने वाकून राहू नका. दोघी-तिघींनी बोलत, गाणं म्हणत, रेडिओ लावून काम करा. पोरांना उसाच्या कडेने पुढे पळू देऊ नका, मधे ठेवा. संडास घराला लागून नसेल तर तो आधी बांधा, टीव्ही नंतर घ्या. अंगणाच्या कडेचं गाजरगवत आणि झुडपं काढून टाका. शेळ्यांच्या गोठ्याला छप्पर आणि जाळी दोन्ही हवीत, नुसतं कूड पुरत नाही. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. ऊस तोडताना पिल्लं सापडली तर उचलून फोटो काढत बसू नका. आई जवळच असते. सगळ्यांनी मागे सरा आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा. पिल्लं जागीच ठेवून आईला परत न्यायला लावण्याचं काम त्यांची माणसं करतात. शेळी-वासरू मारलं गेलं तर ते हलवू नका, लगेच कळवा, पंचनामा करून घ्या. पंचनाम्याविना भरपाई मागता येत नाही.

दौंडच्या ताई, हे तुम्हीही वाचलंत ते बरं झालं. तुम्ही ज्या देशांत निघाला आहात तिथेही जंगलाच्या कडेला बायका राहतात. बोट्स्वाना-झिंबाब्वेत हत्ती मक्याची शेतं तुडवतात. तिथले शेतकरी तिखट मिरची कुटून शेणात कालवतात, त्याच्या गोवऱ्या वाळवतात आणि रात्री बांधावर पेटवतात. खाटाने हत्ती मागे फिरतो. मार्गदर्शकाने सिंह दाखवल्यावर त्याला या मिरचीबद्दल जरूर विचारा, आणि परत आल्यावर मला लिहा.

राहता राहिला सासूबाईंचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की त्यांची लेक बारामतीला असते आणि दिवाळीलाच येते. तिला आजच फोन करा. “जमेल का?” असं विचारू नका. तारखा सांगा, औषधांचा डबा कुठे असतो ते सांगा, आणि बारा दिवस ती येऊन राहील असं ठरवूनच टाका. तिकीट त्यानंतर काढा.