खानावळीचा विमा काढलात?

मैत्रिणींनो, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि हॉटेलांचे फ्रीज, शेगड्या, धान्य सगळं चिखलात गेलं. नवऱ्याच्या आयुर्विम्याचा हप्ता आपण न चुकता भरतो. पण ज्या खानावळीवर घर चालतं, तिचं काय? घराच्या विम्यात ती धरलेली नसते. ५ कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी मिळते. आग, पूर, वादळ त्यात येतं. मात्र हप्ता वाचवायला मालाची किंमत कमी सांगू नका (आपली ती सवयच!). ती १५ टक्क्यांहून जास्त कमी निघाली, तर भरपाईलाही कात्री लागते. गिऱ्हाइकाला जेवण बाधलं, तर त्यासाठी पॉलिसी वेगळी. आणि हो, पॉलिसीची, बिलांची एक झेरॉक्स माहेरी ठेवा.