तीन माणसांच्या प्रकल्पाला पाच प्रकारच्या ब्रँच कशाला?

स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल.

मराठी शुद्धलेखन तपासणारी आमची ओपन सोर्स वेबसाइट. काम करणारे आम्ही तिघं, तेही नोकरी सांभाळून, रविवारी. आणि ब्रँचचा, म्हणजे कोडच्या समांतर प्रतींचा, थाट काय? मेन, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स!

एका विद्यार्थिनीने ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दुरुस्त करून पाठवली. मेनवर पाठवली म्हणून आम्ही म्हटलं, ‘डेव्हलपवर दे.’ तिने मुकाट्याने दिली. मग ती दुरुस्ती पाच महिने डेव्हलपमध्येच पडून. का? तर रिलीज ब्रँच काढायला कुणाला वेळ नव्हता. लोकांना साइटवर चुकीचाच शब्द दिसत राहिला. ती मुलगी पुन्हा फिरकली नाही. दोष आमचा. माझाही.

‘पण गिट-फ्लो हीच प्रमाण पद्धत आहे,’ हे परवा पुन्हा ऐकावं लागलं. अहो, व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी ती २०१० साली मांडली आणि २०२० मध्ये त्यांनीच त्या लेखावर टीप जोडली, की सतत बदलत राहणाऱ्या वेब सॉफ्टवेअरला याहून साधी पद्धत घ्या. गुरूने सोडलं, शिष्य धरून बसलेत!

लिनक्सचा दाखलाही नको. तिथे जुन्या आवृत्त्या जगभर चालू असतात, म्हणून वेगळ्या स्थिर ब्रँच लागतात. आणि त्या सांभाळायला माणसं आहेत. आपली जुनी आवृत्ती कोण वापरतं? उद्या कुणाला लागलीच, तर जुन्या टॅगवरून ब्रँच केव्हाही काढता येते.

माझं म्हणणं साधं आहे. एकच मेन. दोन-तीन दिवसांत मिटणाऱ्या छोट्या ब्रँच. दुसऱ्याने वाचल्याशिवाय आणि चाचण्या पास झाल्याशिवाय मर्ज नाही. रिलीज म्हणजे मेनवर एक टॅग, बस्स.

‘मेन मोडेल’ ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय चाचण्या लिहिणं हा आहे. आपल्याकडे डेव्हलप ब्रँच ही चाचण्या न लिहिण्याची पळवाट झाली आहे.

येत्या रविवारी डेव्हलप बंद करायचा प्रस्ताव मांडतोय. विरोध करणाऱ्याने एवढंच सांगावं: पुढचा रिलीज कोण काढणार आणि कुठल्या तारखेला? नाव आणि तारीख द्या, प्रस्ताव मागे घेतो.