विश्लेषण : फॉर्म त्यांचा, मग भुर्दंड आपल्याला का?

भोसरीत चार यंत्रांचे वर्कशॉप चालवणारा एखादा उद्योजक डोळ्यांसमोर आणा. मोठ्या कंपनीकडून त्याला ई-मेल येतो : ‘सोबतचा एक्सेल फॉर्म शुक्रवारपर्यंत भरून पाठवा, अन्यथा पुढची ऑर्डर थांबेल.’ फॉर्म मोबाइलवर उघडतो, पण त्यातली बटणे चालत नाहीत. फॉर्म मॅक्रोवर बांधलेला आहे आणि मॅक्रो चालवायला संगणकावरचे एक्सेल लागते. मग ओळखीच्या कोणाकडून तरी ‘क्रॅक’ केलेले ऑफिस टाकून घेतले जाते. फॉर्म वेळेत पोहोचतो, पण कायदा मोडलेला असतो. तो फॉर्म पाठवणाऱ्याने नव्हे, भरणाऱ्याने मोडलेला असतो.

नुसता फॉर्म भरायलाही परवाना लागतो?

ते फॉर्म कशात बनवला आहे, यावर ठरते. गूगल फॉर्म्स किंवा मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सची लिंक सर्वांसाठी खुली ठेवली असेल, तर भरणाऱ्याला परवाना लागत नाही, खातेही लागत नाही. गूगल फॉर्ममध्ये फाइल अपलोड करायला सांगितले असेल, तर मात्र गूगल खात्याने लॉगिन करावे लागते. ते खाते मोफत मिळते.

एक्सेलची गोष्ट वेगळी. साधी फाइल ब्राउझरमध्ये मोफत खात्यावरही उघडते, पण तिथे मॅक्रो चालत नाहीत. लिबरऑफिस मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायला पूर्ण मुभा आहे. मात्र एक्सेलसाठी लिहिलेले मॅक्रो त्यात नीट चालतीलच, याची खात्री नसते.

सर्वात महागडा प्रकार म्हणजे पॉवर अ‍ॅप्ससारख्या साधनात बनवलेला फॉर्म. तिथे अ‍ॅप बनवणाऱ्यालाच नव्हे, तर वापरणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागतो. बाहेरून ‘पाहुणा’ म्हणून येणाऱ्यालाही सूट नाही. माहिती शेअरपॉइंटसारख्या साध्या ठिकाणी साठत असेल, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नेहमीच्या व्यावसायिक परवान्यात ते भागते. तीच माहिती डेटाव्हर्स किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये जात असेल, तर प्रीमियम परवाना घ्यावा लागतो. त्याचा जाहीर दर माणशी महिना २० डॉलर आहे. म्हणजे ३० माणसांचे महिन्याला ६०० डॉलर, मग त्यातला एखादा वर्षातून दोनदाच फॉर्म भरत असला तरी.

सगळ्यांनी एकाच लॉगिनवर भरला तर?

आपल्याकडचा हा आवडता जुगाड. पण कंपन्यांनी तो आधीच हेरला आहे. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत याला ‘मल्टिप्लेक्सिंग’ म्हणतात. मध्ये दुसरे सॉफ्टवेअर किंवा सामाईक खाते घातल्याने परवान्यांची संख्या कमी होत नाही, असे ते नियम स्पष्ट सांगतात.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. वर्कशॉपवाल्याला ही पळवाटही नाही; त्याचा वापर धंद्यासाठीच असतो.

ही अडचण तांत्रिक आहे का?

बऱ्याचदा नाही. पूर्वी भरलेला पीडीएफ फॉर्म मोफत अ‍ॅडोबी रीडरमध्ये सहसा जतन करता येत नसे. फॉर्म बनवणाऱ्याने सशुल्क अ‍ॅक्रोबॅटमधून तशी खास मुभा दिली, तरच ते जमे. त्यालाही परवान्याच्या अटी होत्या. २०१२ मध्ये आलेल्या रीडर ११ मध्ये ही सोय सर्वांना मिळाली. बंधन होते ते व्यापारी निर्णयाचे.

मग खर्च कोणी सोसावा?

आमच्या मते, ज्याने साधन निवडले त्याने. माहिती मागणाऱ्याला ती हवी असते, पर्यायही त्याच्याच हातात असतात. ‘तपासणीसाठी मॅक्रो लागतातच’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण रकाना रिकामा राहू नये, अंकांच्या जागी अंकच यावेत, एवढी तपासणी साधा वेब फॉर्मही करतो. जीएसटीचे ऑफलाइन साधनही एक्सेलवरच चालते. पण तिथे पोर्टलवर थेट नोंद करण्याची वाट मोकळी आहे. सरकारी यंत्रणा दुसरी वाट ठेवू शकते, तर खासगी कंपन्यांना का जमू नये? आणि महागडे साधन खरोखरच अटळ असेल, तर पुरवठादाराच्या परवान्याचा खर्च कंपनीने उचलावा आणि तसे खरेदी करारात लिहावे.

तोवर आपण काय करावे?

फॉर्म आला की भरण्याआधी तीन प्रश्न ई-मेलनेच विचारा. हा ब्राउझरमध्ये भरता येईल का? मला कोणता परवाना लागेल? तो कोण देणार? उत्तर लेखी मागा. एकट्या वर्कशॉपवाल्याला असे विचारणे जड जाते, ऑर्डर जाण्याची भीती असते. म्हणून हे प्रश्न औद्योगिक संघटनांनी सर्व सभासदांच्या वतीने विचारायला हवेत. एकाच महिन्यात पन्नास पुरवठादारांनी तीच तक्रार केली, तर फॉर्म बदलायला कंपनीलाही वेळ सापडेल.