ग्लुटेन-फ्री पुडा आणि घरची भाकरी



आपल्या ग्राहक भांडारात अलीकडे 'ग्लुटेन-फ्री' असे छापलेले पुडे दिसू लागले आहेत. बिस्किटे, पास्ता, तयार पीठ असा माल आहे. किंमत साध्या मालाच्या तिप्पट-चौपट, तरी खपतो आहे. घेणारे दोन तऱ्हेचे आहेत. काहींच्या घरात खरोखरच गहू न चालणारा रोगी आहे. बाकीचे "गहू सोडला की वजन उतरतं, शुगर कमी होते" असे कुठेतरी ऐकून आलेले. दोघांना एकच उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून आम्ही तिन्ही जिन्नस विकत आणले, घरी करून खाल्ले, आणि मगच हे लिहायला घेतले.

ग्लुटेन म्हणजे गव्हातला चिकटपणा. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिले की पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा लगदा उरतो, तेच ते. त्याच्या जोरावर पोळी लाटता येते, पाव फुगतो. गव्हाप्रमाणेच सातूत आणि राय या धान्यात तो असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. परंतु सिलियाक नावाच्या विकारात शरीर त्याच्यावर उलटते आणि लहान आतड्याचे अस्तर झिजते. मूल खाते पण अंगाला लागत नाही, पोट फुगते, जुलाब सुटत नाहीत. मोठ्या माणसात कधी नुसता पंडुरोग दिसतो आणि लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही. नेदरलँडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना याबाबत गव्हाचा संशय फार आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे युद्धामुळे पावाची टंचाई झाली तेव्हा अशी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. आजही यावर औषध नाही. जन्मभर पथ्य हाच उपाय.

आता पुड्यांविषयी. बिस्किटे गोड होती, फार गोड, आणि हातात घेताच भुगा. पास्ता गरम असताना बरा लागला. जरा जास्त शिजला की मोडतो. पिठाची पोळी लाटता आली खरी, पण गार झाल्यावर पापडासारखी कडक. पुड्यामागचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचले. त्यात जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. मक्याचा स्टार्च, साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च, तांदळाचे पीठ, साखर, वनस्पती तेल, आणि चिकटपणासाठी इसबगोल किंवा झँथन गम. हा गम साखरेच्या द्रावणावर जिवाणू वाढवून काढतात. मळी आंबवून डिस्टिलरी चालवणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे नवल वाटू नये. पण एवढ्या स्टार्चने आणि साखरेने शुगर कशी कमी व्हायची? साखर कारखान्याच्या पत्रिकेने हे बोलावे हे काहींना खटकेल. खटको बापडे.

चिकट नसलेल्या पिठाचे काय करायचे हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने मळतात आणि भाकरी लाटत नाहीत, थापतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत मुळातच ग्लुटेन नाही. एकादशीचा फराळ घ्या: वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. सगळा गव्हाशिवाय. आपल्या तळावर उतरणाऱ्या ऊसतोड मजुराच्या चुलीवरची बाजरीची भाकरीही तशीच. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. आपल्या कार्यक्षेत्रात मात्र पाटाचे पाणी आले तसा ऊस वाढला आणि ज्वारी बांधावरूनही गेली. कडब्यासाठी चार सऱ्या ठेवणारेही आता थोडे. तीच ज्वारी आपण रंगीत पुड्यातून विकत आणतो.

"मग रोग्याने पुडा घेऊच नये का?" तसे आम्ही म्हणत नाही. शाळेच्या डब्याला, प्रवासात, दुसऱ्या मुलांच्या वाढदिवसाला त्या लेकरालाही एखादे बिस्किट हातात असावे. शिवाय पुड्याची एक बाजू भक्कम आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे लागते. आपल्या घरच्या ज्वारीच्या पिठाला ही खात्री नाही. का? तर गिरणीत आधी गव्हाचे दळण झालेले असते आणि त्याच जात्यातून आपली ज्वारी निघते. सिलियाकच्या रोग्याला तेवढी भेसळही बाधते. पोळी लाटलेल्या पोळपाटावर त्याची भाकरी थापणेही तसेच. भाजणीत बहुधा गहू असतो. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. 'नाचणी बिस्किट' म्हणून घ्यावे आणि मागे पहिला जिन्नस मैदा निघावा, असेही होते. आणि खपली गहू पचायला हलका म्हणून कितीही नावाजला तरी तो गहूच. त्यात ग्लुटेन आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरात कोणाला असा त्रास वाटला तर आधीच गहू बंद करू नका. गहू पोटात जात असेल तरच रक्ताच्या तपासणीत दोष दिसतो. महिनोन्महिने सोडून मग तपासले तर काही नाही असे निघू शकते आणि रोग तसाच राहतो. आधी डॉक्टर, मग पथ्य. तपासणीत काही नाही निघाले तर पोळी सुखाने खावी.

आता आपल्या संचालक मंडळाकडे एक मागणी. भांडाराने पुड्यांचे कप्पे वाढवण्याआधी एक घरघंटी बसवावी आणि ती फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळासाठी राखावी. कारखान्याच्या खर्चात ही रक्कम डोळ्यांतही भरणार नाही. चालवायला एखाद्या महिला बचत गटाला द्यावी, धान्य सभासदांकडूनच घ्यावे, आणि निवडताना त्यात गव्हाचा दाणा राहिला नाही हे पाहावे. पुड्यावर 'ग्लुटेन-फ्री' छापण्याची घाई नको. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागेल, तो पुढे घेता येईल. तोवर "येथे गहू दळला जात नाही" एवढी पाटी पुरे. सणासुदीच्या गर्दीत कोणीतरी येईलच, "दोन किलो गहू आहेत, एवढेच दळून द्या ताई" म्हणून. त्याला बाजारातल्या गिरणीची वाट दाखवावी, मग तो संचालकांचा पाहुणा असला तरी.