‘समजलें’ म्हणजे काय समजलें?

घरांतील एक मुलगा पुण्यास, दुसरा बंगळूरास, सून हैदराबादेच्या कचेरींत आणि भाची परदेशीं, अशी आज आमच्या पुष्कळ वाचकांच्या कुटुंबांची स्थिति आहे. मराठी, तामिळ, बंगाली, हिंदी बोलणारीं माणसें एका टेबलाभोंवतीं बसून काम करितात, ही गोष्ट आनंदाची होय. मात्र अशा ठिकाणीं जीं मनें दुखावतात, तीं पुष्कळदां दुष्टाव्यानें नव्हे, तर शब्दांच्या घोटाळ्यानें दुखावतात, इकडे आम्ही आज लक्ष वेधूं इच्छितों.

अगदीं अनोळखी भाषा तितकीशी धोक्याची नसते. तेथें मनुष्य अर्थ विचारतो. धोका असतो तो ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दाचा. हिंदी व मराठी या सख्ख्या बहिणी. लिपि एक, शब्दहि पुष्कळसे तेच. पण आपण ज्याला ‘संशोधन’ म्हणतों तो नव्या ज्ञानाचा शोध. हिंदींत त्याच शब्दाचा नेहमींचा अर्थ दुरुस्ती. मसुद्यांत ‘संशोधन’ करण्याचा निरोप आला, तर मराठी कारकून ग्रंथालयाची वाट धरील आणि वरिष्ठ चार ओळींच्या दुरुस्तीची वाट पाहत बसेल! ‘आपत्ति’ आपल्याकडे संकट, तिकडे केवळ हरकत. ‘चेष्टा’ इकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. ‘आग्रह’ हिंदी पत्रांत नम्र विनंति असते. मराठी वाचणाऱ्यास मात्र ती सक्ति वाटावयाची. आणि ‘कल’ हा तर कालहि आहे व उद्यांहि! चिठ्ठीवर तेवढाच शब्द असेल, तर काम झालें कीं व्हावयाचें आहे, हें कोणीं ओळखावें?

हीं उदाहरणें हसण्यासारखीं वाटतील. परंतु शब्दांतील अंतर किती महाग पडूं शकतें तें पाहा. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियाहून निघालेलें आव्हियांका कंपनीचें एक विमान न्यूयॉर्कजवळ पोहोंचलें. वाईट हवेमुळें त्यास वाटेंत एकंदर सव्वा तासाहून अधिक वेळ आकाशांतच घिरट्या घालाव्या लागल्या होत्या व इंधन संपत आलें होतें. वैमानिकांची भाषा स्पॅनिश, नियंत्रकांशीं बोलणें इंग्रजींत. सहवैमानिकानें अग्रक्रम मागितला, इंधन संपत असल्याचेंहि कळविलें. पण नियंत्रक ज्या एका शब्दानें खडबडून जागे झाले असते, तो ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यानें त्यांस सांगितला नाहीं. कप्तानानें त्याला विचारलें, तेव्हां आपण कळविलें आहे असेंच त्यानें उत्तर दिलें. विमान कोसळलें; १५८ जणांपैकीं ७३ मृत्युमुखीं पडले. चौकशींत इंधनाच्या हिशेबांतील हयगयहि दिसून आली. तथापि संकटाची वार्ता वेळेवर न पोहोंचणें हेंहि कारण म्हणून नमूद झालें.

सांगणें आणि पोहोंचणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें यावरून उघड होतें. म्हणूनच विमानांच्या व्यवहारांत वैमानिकानें मिळालेली परवानगी, उंचीचा आंकडा इत्यादि परत म्हणून दाखवावयाचें व नियंत्रकानें तें तपासावयाचें, असा दंडक आहे. नुसतें ‘समजलें’ तेथें चालत नाहीं.

ही रीत आपल्या घरांना अपरिचित नाहीं. वाण्याकडे मुलास धाडतांना आजी त्याच्याकडून जिन्नस पुन्हां वदवून घेते. त्यांत मुलाचा अपमान होत नाहीं. कचेरींतहि हेंच करावें. ‘कल’ न लिहितां तारीख लिहावी. ‘लवकर’ न म्हणतां वेळ सांगावी. काम सांगितल्यावर ‘कळलें ना?’ असें विचारूं नये, कारण त्यास ‘हो’ हें एकच उत्तर असतें. ‘आपण आतां काय करणार, तें सांगा’ असें विचारावें. ऐकणाऱ्यानेंहि आपल्या शब्दांत तें सांगून पाहावें. एखादा शब्द बोंचला, तर रुसण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारावा.

विचारण्यांत कमीपणा आहे, ही समजूत आपल्या शिकलेल्या मुलांत फार. ती घरांतच घालविली पाहिजे. वडिलांपुढें ‘मला नीट समजलें नाहीं’ असें ज्याला निर्भयपणें म्हणतां येतें, तोच परक्या गांवीं, परक्या भाषेंतील वरिष्ठापुढेंहि तसें म्हणूं शकेल.